हिवाळ्यातलं ओलं जाळं

हतनूर धरण तापीवर. वाघूर नदी तापीला मिळते ती हतनूरच्या बरीच खाली, भुसावळ मागे पडल्यावर. म्हणजे हतनूरचं पाणी आपणहून वाघूर धरणात चढणं शक्यच नाही. ते चढतं आम्हा गळ टाकणाऱ्यांच्या मोटारसायकलींवरून: हातजाळ्याच्या गाठींत, गमबुटाच्या चिखलात, आमिषाच्या डब्यात.

मला धास्ती आहे ती माशांच्या व्रणरोगाची, ईयूएसची. बुरशीसारख्या एका जीवामुळे तो होतो. 1988 मध्ये तो ईशान्य भारतात आला आणि काही वर्षांतच देशभर पसरला. त्याचे पोहणारे बीजाणू माशाच्या कातडीत शिरतात. आधी लाल डाग, मग मांस खात जाणारी जखम. मरळ याला लवकर बळी पडते. चिलापीला तो सहसा होत नाही, त्यामुळे गळाला धडधाकट चिलापी लागली म्हणून पाणी साफ, असं धरून चालणं मला घातक वाटतं. शेततळ्यात चुना तरी टाकता येतो. धरणाला काय टाकणार? आणि तिथल्या मासळीवर भोई, कोळी कुटुंबांची चूल पेटते.

मे महिन्यात जळगावात पारा 45 ला टेकतो. गच्चीवर पसरलेलं जाळं दुपारपर्यंत खडखडीत होतं, आणि कोरड्यात हे बीजाणू तगत नाहीत. पण रोग मे महिन्यात येत नाही! पावसाळा सरून थंडी पडते, पाणी 20 अंशांच्या आसपास उतरतं, तेव्हा तो डोकं वर काढतो. नेमकं तेव्हाच जाळ्यावर रात्रभर दव पडतं. वरून सुकलेल्या जाळ्याच्या गाठी आत ओल्याच असतात. म्हणून थंडीत मी चिखल धुतो, जाळं दोन-तीन दिवस उन्हात ठेवतो, एकेक गाठ चिमटीत दाबून बघतो. हतनूरचं जाळं वेगळं, वाघूरचं वेगळं.

‘‘आबा, हतनूरला थंडीत एवढी पाखरं उतरतात, रोग तीच नेत असतील ना?’’ पोरं विचारतात. नेतही असतील. पाखरांना अडवणं माझ्या हातात नाही, जाळं वाळवणं आहे.

जिवंत आमिषाबाबत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. नॉर्वेत 1970 च्या दशकात स्वीडनहून आणलेल्या सामन माशांच्या पिलांबरोबर जायरोडॅक्टिलस हा परजीवी शिरला. तो निपटायला पुढे कित्येक नद्यांत विष घालून मासे मारावे लागले. मरळीसाठी लागणारी चिंगळी मासळी ज्या पाण्यात गळ टाकायचा तिथूनच धरावी. डब्यातलं उरलेलं पाणी काठापासून लांब, कोरड्या जमिनीवर ओतावं.