औट गेलं, पंचवीस अडलं

माझ्या आजोबांना औटकी तोंडपाठ होती. औट म्हणजे साडेतीन. चार औट चौदा, सहा औट एकवीस. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हीसुद्धा दिवेलागणीच्या परवच्यात ठरलेली. मी गणिताच्या शिक्षकांना प्रशिक्षण देते. पण औटकीत नापास होईन.

हे पाढे कुणा पंतोजीनं हौसेनं रचलेले नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर. अशा बाजारात पाव नि दीडपट चटकन सांगणारा पोरगा पेढीवर कामाला येई. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेराच्या जागी किलो आला आणि औटकी हळूहळू वर्गातून उठून गेली. तिच्यासाठी कुणी गळा काढल्याचं ऐकिवात नाही.

२०१९च्या जूनमध्ये मात्र गळे निघाले. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात पंचवीस ही संख्या ‘वीस पाच’ अशीही वाचायला दिली होती. कारण साधं होतं. मराठीत आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. लिहिताना आधी दोन, मग पाच. मूल ऐकतं तसं लिहितं आणि ५२ करून बसतं. कानडी, तेलुगूत दशक आधी बोलतात, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. जुनं वाचनही पुस्तकात कायम आहे, हे गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत राहिल्या. पण निवडणुकीचं वर्ष होतं. मराठी बुडाल्याची हाकाटी झाली, विधानसभेत मुख्यमंत्री फडणवीसांच्या आडनावातल्या ‘वीस’वर कोटी झाली. ५२ लिहिणारं मूल बाजूलाच राहिलं.

त्या दिवसांत एका प्रशिक्षणात एक गुरुजी उठले नि म्हणाले, “मॅडम, ते सगळं खरं, पण पेपरात काय विचारायचं?” विधानसभेतल्या चर्चेपेक्षा मला तो प्रश्न मोलाचा वाटला. आपल्या चाचणीत ‘संख्या अक्षरांत लिहा’ असतंच. एकोणपन्नास मणी बिनचूक मोजून देणारी मुलगी तो शब्द लिहिताना अडखळते आणि तिचा गुण कापला जातो. गुण गेला शुद्धलेखनाचा, शेरा मिळतो ‘गणितात कच्ची’.

इतक्या वर्षांत मला उमगलं ते एवढंच : बाजार आधी बदलला, तर पुस्तक त्याच्यामागे निमूट जातं. पुस्तकानं आधी पाऊल टाकलं, की ते भाषेवर, अस्मितेवर, मतांवर आदळतं. म्हणून पुस्तक बदलूच नये, असं नाही. पण नवं वाचन छापताना गुरुजींच्या हाती नवा पेपरही द्यायला हवा होता. तो आम्ही दिला नाही.

मंडईत आजही मी पाव किलो भेंडी मागते. भाजीवाली अडीचशे ग्रॅमचं वजन टाकते. तिथे कुणाचंच काही अडत नाही.