शनवार तेल्यांचा मुलूख

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पेण सोडते, मग कासू लागते. पुढे नागोठणे आणि शेवटी रोहा. दोन्ही अंगांना भाताची खाचरे, पश्चिमेला खारेपाट. याच मुलखात एक परका समाज आला, शेतीत आणि तेलाच्या घाण्यावर रमला आणि बहुतांशी निघूनही गेला. तो समाज म्हणजे बेने इस्रायल, आपले मराठी बोलणारे यहुदी.

त्यांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ते गावोगाव पांगले. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर झाले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. बंधूभगिनींनो, धर्म वेगळा, ग्रंथ वेगळा, तरी गावाने कामावरून जात चिकटवलीच! दुःखाची गोष्ट ही की तो रोग त्यांच्यातही शिरला. 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग पडले आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होईना.

अठराव्या शतकापासून तरुण मुंबईची वाट धरू लागले. पलटणीत, पुढे रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकऱ्या मिळाल्या. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर झाले. मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. अलिबागला १८४८ साली, पेणला १८६३ साली प्रार्थनामंदिर उभे राहिले. पण गिरणीच्या तेलापुढे घाणा टिकला नाही, शिकलेली मुले शेतावर परतली नाहीत. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि हजारो कुटुंबे तिकडे गेली.

तिथे तरी समता मिळावी? १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढले की, यांचे लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करा. हे अस्सल यहुदी आहेत काय, असाच त्याचा अर्थ होता. आमची माणसे गप्प बसली नाहीत. बायकामुलांसह जेरुसलेमला धरणे धरले. १९६४ साली तिथल्या संसदेने ठराव केला की, बेने इस्रायल सर्व बाबतीत समान यहुदी आहेत.

आज रायगडात त्यांची मोजकी घरे उरली आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे इस्रायलात मात्र अजून मराठी बोलली जाते, मलिद्याचे पोहे केले जातात. गाव सुटले, घाणा थांबला, पण मान कोणी आपण होऊन देत नाही, तो एकजुटीने मिळवावा लागतो, हे या समाजाने दाखवून दिले. मुलांना घेऊन पेण-रोह्याकडे जाल तेव्हा त्यांना ही हकीकत जरूर सांगा.