घरापर्यंत जाणारे माणूस

वाचकहो, घरातील वयस्क माणूस "अंग जड झाले आहे, जेवणाला चव राहिली नाही, पहाटे तीनला उघडलेले डोळे पुन्हा मिटत नाहीत" असे सांगू लागले, की आपण त्याला माझ्यासारख्या डॉक्टराकडे घेऊन येता. ते योग्यच आहे. रक्तदाब मोजला जातो; साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासले जाते. पुष्कळदा या तपासण्यांत काहीच निघत नाही आणि आपण सुस्कारा टाकून म्हणता, "काही नाही, वय झाले आता." माझा आक्षेप आहे तो या शेवटच्या वाक्याला. वार्धक्याबरोबर गुडघे झिजतात, दृष्टी मंदावते, हे खरे. परंतु आठवडेच्या आठवडे टिकणारी खिन्नता हा आजार आहे आणि सत्तरीनंतरही तो बरा होतो.

मी झाईला वैद्यकीय व्यवसाय करतो. महाराष्ट्राचा किनारा उत्तरेकडे जिथे संपतो, तिथले हे मच्छीमारांचे गाव. खाडी ओलांडली की गुजरात सुरू होतो. किनाऱ्यालगत मांगेला समाजाची वस्ती, आतल्या बाजूस वारली आणि धोडी पाडे, बोर्डी-घोलवडच्या दिशेने चिकूच्या वाड्या. इतक्या वर्षांत "माझे मन उदास आहे" असे सांगत आलेला रुग्ण मला क्वचितच भेटला. येथे लोक सांगतात ते छातीतली धडधड, डोक्यातली वाफ, हातापायांची आग. मन बोलते, पण शरीराच्या भाषेत. म्हणून मी दोन प्रश्न हटकून विचारतो: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटत होते का? आणि पूर्वी ज्या गोष्टी आवडीने करत होता, त्यांतला रस गेला आहे का? हे प्रश्न आपणही घरी विचारू शकता. उत्तर होकारार्थी आले तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. साखरेच्या अहवालात ते लिहिलेले नसते.

निदान झाले, औषध लिहून दिले, की आपल्याला वाटते मोठे काम आटोपले. प्रत्यक्षात ते तेथून सुरू होते. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, वयस्कांत त्याहून अधिक. तोंड कोरडे पडणे, मळमळ असे उपद्रव मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. म्हणजे त्रास आधी आणि लाभ नंतर. या मधल्या काळात रुग्णाच्या घरी जाणारे, गोळी घेतली का हे पाहणारे आणि न घेतल्याचे कारण न रागावता ऐकणारे माणूस हवे. समाजकार्याच्या व्यवसायाने हे माणूस आपल्याला दिले आहे. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. आज आपण त्यालाच टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. पुढे १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून त्याला जिल्ह्याचे रूप मिळाले, आणि जिल्हा पथकात मानसोपचारतज्ज्ञाच्या बरोबरीने मानसोपचार समाजकार्यकर्त्याचे पद ठरवले गेले.

हे काम कसे चालते ते एका उदाहरणाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आमच्या भागातील कितीतरी पुरुष गुजरातच्या ओखा, पोरबंदर या बंदरांतील बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट सागरी सीमेपलीकडे गेल्याच्या आरोपावरून पाकिस्तानी यंत्रणेने पकडली, की खलाशी कराचीच्या तुरुंगात पडतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. शहरातल्या वर्तमानपत्रात ती दोन ओळींची बातमी असते. आमच्याकडे त्या दोन तारखांवर घरे उभी असतात.

अशा एका घरातील आजी माझ्याकडे निद्रानाशासाठी येत. मुलगा गेला म्हणून रडावे, तर तो जिवंत आहे. जिवंत म्हणून निश्चिंत राहावे, तर पत्र नाही, आवाज नाही. अमेरिकेतील अभ्यासक पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाला जे नाव दिले, त्याचा आशय 'संदिग्ध वियोग' असा सांगता येईल. दुसऱ्या दुःखांना काळ बोथट करतो. या दुःखाला तो दर सहा महिन्यांनी नवी धार लावतो.

जिल्हा पथकातील एक समाजकार्यकर्ती, सगळे तिला ताई म्हणत, त्यांच्या घरी गेली. तिने प्रथम काही विचारलेच नाही. आजी सुकट निवडत होत्या, तीही शेजारी बसून निवडू लागली. दुसऱ्या भेटीत तिला कळले की माझ्या गोळ्या तांदळाच्या डब्यात जशाच्या तशा पडून आहेत. शेजारणीने "त्या वेडाच्या गोळ्या" असे सांगितले होते. तिसऱ्या भेटीत तिच्या ध्यानात आले की आजींना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे घरात मुलाविषयी काय बोलणे चालते ते त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि सारे आपल्यापासून लपवतात अशी त्यांची समजूत झाली आहे. दवाखान्यातील दहा मिनिटांत यातले काय मला दिसणार होते? ताईने गोळ्या सुनेच्या ताब्यात दिल्या, कान तपासून घेतले, मत्स्यव्यवसाय खात्याकडे द्यायचे कागद एका पिशवीत लावून दिले आणि रोज सकाळी तासभर बोंबील वाळवण्याच्या मांडवांपाशी इतर बायकांत जाऊन बसायचे, एवढे आजींकडून कबूल करून घेतले. याद्यांच्या तारखांना ती झाईत असे.

मुलगा अजून परतलेला नाही. आजी आता रात्री पाच तास झोपतात, दोन वेळा जेवतात आणि माझ्याशी भांडतातही. हे मी चांगले लक्षण मानतो.

अशा कामाला प्रमाण काय, असे कोणी विचारील. शेजारच्या गोव्यात याची पद्धतशीर परीक्षा झाली आहे. साठीपुढील, उदासपणाची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ व्यक्तींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, केवळ प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी त्यांतील एका गटाला अडचणींची उकल कशी करावी, झोप कशी सुधारावी, मधुमेहासारखे आजार कसे सांभाळावे आणि सरकारी योजना कशा मिळवाव्या यांत मदत केली. वर्षभरात या गटातील शंभरांमागे सुमारे ४ जणांना पूर्ण नैराश्य आले. अशी मदत न मिळालेल्यांत हेच प्रमाण १४ च्या वर होते. योजनांचा कागद भरून देणे हाही या उपचाराचा भाग होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आमचा शेजारी जिल्हा नाशिक. तेथील पेठ तालुक्यातही 'आत्मीयता' उपक्रमातून गावातल्याच स्वयंसेवकांनी असे काम केले आहे.

भगताविषयी दोन शब्द. आमच्याकडे रुग्ण प्रथम त्याच्याकडे जातो. त्याची टिंगल केली तर रुग्ण ते जाणे लपवतो, थांबवत नाही. मेहसाणा जिल्ह्यातील मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' एकत्र देण्याचा प्रयोग झाला, तो याच जाणिवेतून. रुग्णाला मारहाण, साखळी, उपवास असे काही होत असेल तर मात्र तडजोड नको. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

आपल्या नातवंडांपैकी कोणाला या वाटेने जायचे असेल, तर त्याला "यात मिळते काय?" असे एकदम विचारू नका. समाजकार्यातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, त्यानंतर मानसोपचार समाजकार्यातील विशेष प्रशिक्षण, असा हा दीर्घ अभ्यास आहे. पदे पुष्कळदा कंत्राटी असतात, प्रवास फार असतो, हे मी लपवत नाही. सीमेवरच्या गावात आणखी एक अडचण: रुग्ण उपचाराला वापी-वलसाडला जातो, पाठपुरावा मात्र तलासरीहून व्हायचा असतो, रुग्णाची फाइल राज्य ओलांडत नाही, माणसालाच ओलांडावे लागते.

तातडीची एक गोष्ट. वडीलधारे माणूस "आता जगून काय करायचे" असे म्हणाले, तर "असे अभद्र बोलू नका" म्हणून विषय तोडू नका. जवळ बसा आणि मनात जीव देण्याचा विचार येतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार रुजत नाही. उत्तर होय असेल तर त्यांना एकटे सोडू नका, घरातील कीटकनाशके व साठलेल्या गोळ्या दूर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून दिवसरात्र चालतो. मराठीतही बोलता येते.

समाजकार्यकर्ती घरी येणार असेल तेव्हा चालू असलेली सर्व औषधे, मुळ्या आणि काढेसुद्धा, एका ताटात काढून ठेवा. चष्मा, श्रवणयंत्र जागेवर असू द्या. रुग्णाच्या वतीने सगळी उत्तरे आपणच देऊ नका. आणि मग पंधरा मिनिटे चहा ठेवण्याच्या निमित्ताने आत जा, पातेले रिकामे असले तरी चालेल.