उरलेली शिल्लक

ताडकळसच्या मोंढ्यातील त्या आडत दुकानात खतावणी अजूनही शेठजी स्वतः लिहीत. डावा डोळा लहानपणीच गोवरात गेलेला; उजवा हाच आधार. त्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पुढे त्यातच काचबिंदू निघाला. डोळ्यातील पाण्याला वाट करून देणारी शस्त्रक्रियाही झाली, परंतु वर्षभरात ती वाट व्रण धरून बुजली. तीन प्रकारचे थेंब घालूनही दाब तिसाखाली येईना. साधारण दाब 10 ते 21 मानतात. खतावणीची ओळ स्पष्ट दिसे, बाजूला येऊन उभा राहिलेला शेतकरी मात्र दिसत नसे.

डॉक्टरांनी नळीचे इम्प्लांट सुचविले. शेठजींचा प्रश्न व्यापाऱ्याचाच होता, ‘‘नजर किती परत येईल?’’

‘‘गेलेली येणार नाही. उरलेली टिकावी म्हणून हे करायचे.’’

बुडीत रकमेपायी नवी रक्कम घालावी काय? आठ दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. रक्कम बुडिताची नसून शिलकीच्या रक्षणाची आहे, हे सुनेने समजावले तेव्हा होकार आला.

सिलिकॉनची पातळ चकती बुबुळामागे, पांढऱ्या भागावर पापणीआड बसवितात. तिच्या नळीचे टोक डोळ्याच्या पुढील कप्प्यात असते. पाणी चकतीभोवती झिरपते व तेथून शरीर ते शोषून घेते. परदेशी इम्प्लांट महाग; मदुराईच्या अरविंद नेत्रसंस्थेच्या ऑरोलॅबने 2013 मध्ये ‘आदी’ हे स्वस्त देशी इम्प्लांट आणले. शेठजींना तेच बसविले. त्यास झडप नसते. दाब एकाएकी कोसळू नये म्हणून नळी विरघळणाऱ्या धाग्याने बांधून ठेवतात. तो धागा सुटेपर्यंत पाच-सहा आठवडे जातात, थेंबही चालूच राहतात. एवढे सांगितलेले असूनही पंधराव्या दिवशी दाब अठ्ठावीस पाहून घर हादरले. हीही फसली, असेच सर्वांनी धरले. सहाव्या आठवड्यात तो चौदावर आला.

नळीवर दात्याच्या डोळ्यातील पांढऱ्या आवरणाचा तुकडा लावला आहे, हे शेठजींना नंतर कळले. एका पर्युषणात त्यांनी नेत्रदानाचा अर्ज भरला होता. नेत्रदान ही आपण द्यावयाची बाब, एवढेच त्यांच्या हिशेबी होते. त्या सायंकाळी ते बराच वेळ गप्प बसले.

हा विकार सख्ख्या भावंडांत आढळण्याचा संभव अधिक. शेठजींनी धाकट्या भावास स्वतः परभणीला नेले. त्यास काहीही त्रास नव्हता. दाब सव्वीस निघाला.