चावी तुमच्याकडेच असू द्या

पुणे

ती. सौ. वहिनींस,

फोनवर दादा शेजारी होता, तुम्हाला मोकळं बोलता येत नव्हतं, म्हणून लिहिते. अपघातात दादाच्या डोक्याला मार लागल्यावर तुम्ही पिकअपची चावी पिठाच्या डब्यात ठेवलीत ते उत्तम केलंत. नवऱ्याची चावी लपवली म्हणून धामणगाव बढ्यात चार बाया बोलतील, बोलू द्या.

‘मले काय झालं? वावरापर्यंत नेली ना गाडी!’ असं दादा म्हणतो. नेली असेल. क्लच-गिअर ही हातापायांची जुनी सवय, डोक्याला मार लागून लक्ष आणि विचार मंदावले तरी ती बहुतेक वेळा शाबूत राहते. फसगत होते ती तिथेच. वावराच्या रस्त्याला समोरून येतंय कोण? मोताळ्याला मात्र मागून एसटी, पुढे कापसाची ट्रॉली, मध्येच शेळी, त्यात खिशातला मोबाइल वाजतो. आधी काय, मग काय, हे ठरवणारा मेंदू कपाळामागचा. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते; ठरवायला अर्धा सेकंद जास्त लागला तरी आठ मीटर गेले. मलकापूरचा हायवे तर पुढेच.

तुम्ही बोलता बोलता म्हणालात, ‘हल्ली ह्यांच्या ताटात ठेचा तसाच राहतो.’ मला धस्स झालं. ठेचा आपण डावीकडे वाढतो ना! मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कधीकधी डोळे चांगले असूनही डावीकडचं माणसाच्या लक्षातच येत नाही. एकदा काही न बोलता ठेचा उजवीकडे वाढून बघा. संपवला, तर तिखट सुटलेलं नाही. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला लागतो का, तेही बघा. आपल्या रस्त्यांवर पायी माणसं, सायकलवाली पोरं, गुरं, सगळी गाडीच्या डाव्या अंगालाच असतात.

त्याच्याशी वाद घालू नका. तो खोटं बोलत नाही. आपलं काय गेलं हे ज्या मेंदूने सांगायचं, मार त्यालाच बसलाय. सीटी स्कॅनमध्ये आता रक्त दिसत नाही, यावरही जाऊ नका. लक्ष किती टिकतं हे स्कॅनमध्ये दिसत नाही. परवान्याचंही तेच. अर्ज क्रमांक १ मध्ये फिट येते का, चक्कर येते का, शुद्ध हरपते का हे विचारतात, आणि तो भरायचाही आपणच! विचार करायला वेळ लागतो का, हे त्यात कोणी विचारत नाही. दादाचा परवाना अपघाताआधीचा, खिशात चालूच आहे.

दादाला तपासणीला इथे पुण्याला घेऊन या. आमच्याकडे एक कागद देतात: १ वरून अ, अ वरून २, २ वरून ब, असं रेघेने जोडत जायचं, आणि वेळ मोजतात. दिसायला पोरखेळ, पण भलेभले मध्येच अडकतात. दादाची नजर डावी-उजवीकडे कुठवर पोचते हेही तपासून घेऊ. नुसत्या कागदांवर मात्र मी हो म्हणणार नाही. शेवटी दुहेरी ब्रेकच्या गाडीत शेजारी जाणकार बसवून रस्त्यावर बघावं लागेल. सुधारणा होते, महिनोन्‌महिने होत राहते, म्हणून आजचं ‘नको’ कायमचं समजू नका.

तोवर भाड्याला बदली ड्रायव्हर लावा, गाडीच्या हप्त्याचं मी बघते. येताना डिस्चार्ज कार्ड, स्कॅनची सीडी, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. मध्ये कधी फिट आली असेल तर तारीख लिहून ठेवा. आणि दादा ‘पिकअपनेच जाऊ’ म्हणाला, तर महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटं मी काढलीत म्हणून सांगा.

तुमची नणंद