कागदावरची शेवंता

फार्मला नाव शोधण्याचा पहिला आठवडा नुसता हसण्यात गेला. नवऱ्यानं 'अल्पसंतुष्ट' सुचवलं, मी 'अल्पोपाहार', आणि 'अल्पविराम' तर जवळजवळ नक्कीच झालं होतं. ओहायोतली पाच एकर जमीन, एक जुना गोठा आणि चार अल्पाका, एवढाच आमचा पसारा. तीन माद्या आणि एक खच्ची केलेला नर. शेजारच्या बाईंना वयोमानानं झेपेना, म्हणून त्यांच्याकडून घेतलेले.

चौघांचीही नावं आधीच ठरलेली होती. मोका, लाटे, हेझल आणि एस्प्रेसो. ते जन्मले त्या वर्षी बाईंनी कॉफीचा विषय घेतला होता. दर वर्षी एक विषय धरून पिल्लांची नावं ठेवायची, ही इकडच्या बऱ्याच फार्मवरची आवडती पद्धत.

बाईंनी कागद हातात दिले तेव्हा दिसलं, की प्रत्येक नावाच्या आधी त्यांच्या फार्मचं नाव लिहिलंय.

"हे आता आम्ही बदलायचं ना?"

"छे! हाक काहीही मारा. कागदावर जिथं जन्मले तिथलंच नाव राहतं."

नोंदणीच्या वेळी डीएनए तपासून आईबाप पक्के करतात. मग जनावर कितीही वेळा विकलं गेलं, तरी जन्म झाला त्या फार्मचं नाव पुढं लावूनच ते सगळीकडे जातं, अशी रीत.

गोठ्याच्या दारात ते कागद धरून मी उभी होते आणि मला एकदम आई आठवली.

आई बार्शीकडची. माहेरचं नाव शेवंता. १९८४ साली लग्न होऊन पुण्याला आली. (अमेरिकेत अल्पाकांची पहिली मोठी खेप आली तीही त्याच वर्षी, हे मला फार नंतर कळलं.) बाबांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'सुनीता' लिहिलं आणि विषय संपला. आजीला शेवंता हे नाव गावंढळ वाटलं होतं म्हणे.

मामा यायचा तेव्हा दारातूनच "शेवंते!" अशी हाक मारायचा. लहानपणी मला वाटायचं, हा शेजारच्या कुणाला तरी बोलावतोय. मामा गेला आणि ती हाकही गेली. पुढे माझ्याकडे येण्यासाठी आईचा पासपोर्ट काढायचा होता. शाळेच्या दाखल्यावर शेवंता, रेशनकार्डावर सुनीता. या दोन्ही बायका एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. आईसुद्धा.

लग्नानंतर मी नाव बदललं नाही, आडनावही नाही. त्याचं कौतुक मी चारचौघांत भरपूर करून घेतलंय. पण आईला तेव्हा काय वाटलं होतं, हे आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

त्या रात्री फोन केला.

"फार्मला तुझं नाव देऊ का? शेवंता?"

"वेडी आहेस का? लोकांना 'रात्रीस खेळ चाले'मधली शेवंता आठवेल."

"इथं कुणी ती सिरियल बघत नाही, आई."

ती हसली नाही. बराच वेळ पलीकडून मिक्सरचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"तेव्हा कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "तू विचारतेयस, तर दोन दिवस दे."

मला वाटलं होतं ती लगेच भावुक होऊन हो म्हणेल. म्हणजे उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं. बाबांनी ठेवलं होतं तसंच.

दोन दिवसांनी मेसेज आला. 'चालेल. पण शेवंता लिही, शेवंती नको. शेवंती फूल असतं.'

पाटी लागली. इकडची माणसं तिला 'शिवॅन्टा' म्हणतात. आईला ते फार आवडतं.

जूनमध्ये मोका व्यायली. अल्पाकांचे दिवस साडेअकरा महिन्यांच्या आसपास भरतात आणि पिल्लू सहसा दिवसाउजेडी होतं. आमच्याकडे सकाळचे दहा वाजले होते, पुण्यात संध्याकाळचे साडेसात. मी व्हिडिओ कॉल लावून फोन कुंपणाच्या खांबावर टेकवला. ओलं, लटपटतं पिल्लू चारदा पडून पाचव्यांदा उभं राहिलं. मोका त्याच्या नाकाशी नाक नेऊन गुणगुणत होती. पिल्लूही बारीक आवाजात गुणगुणायला लागलं. मायलेकरांचं हे असं चालतं.

"मादी आहे का?" आईनं विचारलं.

"हो. त्या वर्षीचा विषय अजून ठरला नाहीये. क्वेचुआ भाषेतली नावं बघतोय, त्यांच्या मूळ मुलखातली. इंती म्हणजे सूर्य, किल्या म्हणजे..."

"अगं, बांडी आहे ती! पाठीवरचा पांढरा पट्टा बघ. आमच्या दावणीला अशीच गाय होती. तिला आम्ही बांडीच म्हणायचो."

विषय तिथंच ठरला. आईच्या दावणीची नावं.

बांडी आईपासून तोडण्याजोगी झाली तेव्हा वैरणीचा खर्च अंगावर येत होता. ती आणि हेझल अशी जोडी आम्ही शेजारच्या राज्यातल्या एका कुटुंबाला विकली. त्यांच्या मुलीनं गाडीत बसायच्या आधीच बांडीचं नाव 'कुकी' ठेवलं. मला वाईट वाटलं, पण बोलले नाही. हाक त्यांची.

आईला सांगायला मी दोन दिवस घेतले.

"विकली? मग आता नाव काय तिचं?"

"घरात कुकी म्हणतात. कागदावर 'शेवंताज बांडी'."

"तेच राहणार?"

"तेच राहणार."

"त्या कागदाचा फोटो पाठव."

पाठवला. दुसऱ्या दिवशी तिनं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची रंगीत प्रिंट काढून घेतली आणि लॅमिनेट केली. आता ती फाईलमध्ये आहे, त्या प्रतिज्ञापत्राच्या वर.