पठारावरचा पोटॅश

मी राहतो अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत; शेती आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर. रान दादा कसतो, खताचा हिशेब माझ्याकडे. जून लागला की त्याचा फोन येतो तो बहुतेक पोटॅशवरूनच.

आमची माती हलकी आणि बटाटा पावसावरचा. काळ्या रानात पालाश मुळातच बरा असतो आणि ती माती तो धरून ठेवते. आमच्याकडे जोराचा पाऊस तो खाली घेऊन जातो. बटाट्याला तर पालाश नत्रापेक्षाही जास्त लागतो. पानांत तयार झालेली साखर गड्ड्यापर्यंत पोचते ती त्याच्याच जोरावर. शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, १२० किलो पालाश अशी, आणि पालाश सगळा लागणीलाच. एकरी ४८ किलो पालाश, म्हणजे ६० टक्केवाला लाल पोटॅश ८० किलो. आम्ही मात्र त्यातले दोन वाटे सरीत टाकतो आणि तिसरा महिन्याभराने, मातीची भर देताना, युरियाबरोबर. त्यानंतरच गड्डे पोसायला लागतात.

लाल पोटॅश म्हणजे क्लोराइड. वडाळ्याची मिठागरं पाहिलेल्या शेजाऱ्यांना मी सांगतो, हे मिठाचंच भावंड. कापलेल्या बेण्याला ते चिकटलं तर कोंब करपतो, मध्ये दोन बोटं माती हवीच. क्लोराइड जास्त झालं की बटाट्यात पाण्याचा अंश वाढतो. बाजारात भाजीच्या बटाट्याचं त्याने अडत नाही, पण वेफर्सच्या करारातला माल तळायचा असतो. तेवढ्या तुकड्याला आम्ही सल्फेटवाला पोटॅश घालतो. त्यात पालाश ५० टक्के, म्हणून एकरी ९६ किलो. वर गंधकही मिळतं. तो महाग पडतो. करार नसताना त्यावर पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाल पोटॅश कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन अशा देशांतून जहाजाने येतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, त्या वर्षी गोणी सतराशेच्या घरात होती. तेव्हापासून मी मे महिन्यातच गोण्या घरात आणून ठेवायला लावतो.

ऑगस्टमध्ये ०:०:५०, म्हणजे पाण्यात विरघळणारा सल्फेटवाला पोटॅश, फवारण्याचा आग्रह सुरू होतो. दादाला मी एवढंच म्हणतो, "दादा, हिशेब कर. दोनशे लिटरच्या पिंपात एक किलो टाकलंस, तर एकराला अर्धा किलो पालाश मिळाला. अठ्ठेचाळीस किलोंची भूक त्याने कशी भागेल?" जुन्या पानांच्या कडा तपकिरी होईपर्यंत वाट पाहिली, तर पोसण्याचे चांगले दिवस निघून गेलेले असतात.

यंदा खालच्या तुकड्यात शेणखत भरपूर पडलंय. माती परीक्षणाचा कागद आला की तिथला लागणीचा पोटॅश किती कमी करायचा ते ठरवू. भरीच्या वेळचा हप्ता मात्र तसाच ठेवायचा, हे दादानेही मान्य केलंय.